घरी असलेल्या बायकोचा शोध थांबवण्याबाबत

प्रति,
मेहेरबान मोहतमीम साहेब,
दोन्ही सरकारांदरम्यानची ओळख कचेरी,
मुक्काम परभणी.

अर्जदार : उद्धव वल्द मुंजाजी, राहणार पेडगाव, तालुका परभणी. धंदा शेती. सकाळच्या वेळी गावातल्या पोरांना मराठी लिहायला शिकवतो.

विषय : माझी बायको अंबिका ही माझ्या घरी असून, सरकारने चालवलेला तिचा शोध कृपा करून थांबवण्याबाबत.

संदर्भ : आपल्या कचेरीची नोटीस, जी आपले जवान माझ्या दाराला चिकटवत असताना अंबिकाने आतून दार उघडले.

महोदय,

कलम १. याच विषयाची उर्दू अर्जी मी अर्जनविसाकडून लिहवून घेऊन यापूर्वी हुजुरात दाखल केली होती. तिच्यावर 'पाहिले. तलाश जारी ठेवावी' असा शेरा आला. अर्जनविसाचे अक्षर मोत्यासारखे आहे, पण त्याने माझे घर पाहिलेले नाही. म्हणून हा अर्ज मी माझ्या हाताने, माझ्या भाषेत लिहीत आहे. कागदावर कुठे खाडाखोड दिसेल. ती लबाडीची नाही, घाईची आहे.

कलम २. घाई अशी की, माझी मुलगी विमल हिचे लग्न येत्या अखजीला, अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर, ताडकळसच्या व्यंकटरावांच्या मुलाशी ठरले आहे. नोटिशीमुळे ते मोडण्याच्या बेतात आहे. बाकीची सर्व कलमे याच एका कलमासाठी आहेत.

कलम ३. आमच्यात मुलीच्या मामाला लग्नाची अक्षत बहिणीने स्वतः नेऊन द्यावी लागते. निरोप चालत नाही, कार्ड चालत नाही. अंबिकाचा भाऊ पैनगंगेपलीकडे वऱ्हाडात, वाशिमच्या बाजूला, इंग्रजी अंमलात राहतो. म्हणून मी रीतसर राहदारीचा परवाना काढला. परवान्यावर 'अंबिका जोजे उद्धव' असे, माझी बायको म्हणून, नाव आहे, शिक्का आपल्याच कचेरीचा आहे. ती हिंगोलीपर्यंत रेल्वेने व पुढे बैलगाडीने गेली. तिकडे भाऊ तापाने पडला होता, म्हणून ठरल्या दिवशी परतली नाही. मी लग्नाचा बस्ता बांधायला परभणीस होतो. घरी माझी आई धुरपताबाई व विमल दोघीच होत्या.

कलम ४. आईला धीर निघाला नाही. तिने चौकी गाठली आणि सून हरवल्याची खबर दिली. येथे मुन्शींनी सुनेचे नाव विचारले आणि येथूनच सर्व बिघडले.

कलम ५. (हे कलम माझी आई सांगत आहे. मी नुसता लिहितो.)

"लिही. म्या काय खोटं बोलले? त्यो मुन्शी म्हणतो, सुनंचं नाव काय. म्या म्हणलं, विमलची माय. त्यो म्हणतो, नाव सांगा नाव. म्या म्हणलं, बाबा, ते नाव माज्या तोंडून येत न्हाई, ते माज्या सासूचं नाव हाय. त्यो म्हणतो, मी सासूचं इचारलंय का, सुनंचं इचारलंय. म्या म्हणलं, तेच सांगायलेय की रे लेकरा, दोघींचं एकच हाय. तवा हसला. म्हणला, म्हातारे, तुजी सासू हरवली का सून? हसणाऱ्याला कुटं सासू आसती! माजी सासू लय कडक बाई. मेली तरी म्या तिचं नाव घेतलं न्हाई. आता सरकारला पाह्यजे म्हणून घिऊ का? तुमी लिवून घ्या, म्हणलं, वळखायची खूण सांगते. मग गोंदण सांगितलं. गोंदणावून मोठी खूण कंची? मेल्यावर दागिना राहतो हितंच, लुगडं राहतं हितंच, संगं गोंदण तेवढं येतं. देव तेच बघून आत घेतो. तुमच्या मुन्शीला ते पुरंना व्हय?"

कलम ६. वरील जबाबात भर अशी की, माझ्या आजीचे नाव अंबिका होते हे खरे आहे. माझ्या लग्नात नवरीचे नाव बदलायचे ठरले होते. तांदळाच्या ताटात दुसरे नाव लिहूनही झाले होते. तेव्हा आजोबा हयात होते. त्यांनी ताट हलवून अक्षरे मोडली आणि म्हणाले, "घरात ह्ये नाव परत आलंय तर ऱ्हाऊ द्या." म्हणून नाव राहिले, पण हाक राहिली नाही. आई तिला विमलची माय म्हणते. विमल होण्यापूर्वी पोरी म्हणायची. मी 'अगं' म्हणतो, जसे सगळेच म्हणतात. विमल आई म्हणते. गावच्या बाया वहिनी, मावशी म्हणतात. थोडक्यात, माझ्या घरात अंबिका हे नाव आहे, पण ते कोणी वापरत नाही. या गोष्टीचा पुढे सरकारशी संबंध येईल हे आम्हाला ठाऊक नव्हते.

कलम ७. मुन्शींनी हुलिया लिहिला तो असा :

नाव : सांगण्यास इन्कार. घरची हाक 'विमलची माय'.
बापाचे नाव : 'वऱ्हाडातले भले माणूस.'
रंग : गव्हाळ.
खूण : डाव्या हातावर गोंदलेली तुळस, तुळशीच्या दोन्ही अंगांना मोर. हनुवटीवर ठिपका.

हा कागद आपल्या कचेरीत आला. दोन सरकारांत झालेल्या ठरावाप्रमाणे आपण त्याची नक्कल वऱ्हाडच्या ओळख कचेरीस पाठवली. तिकडे त्याचे इंग्रजी झाले. नाव नाही आणि घरचे लोक सांगत नाहीत, तेव्हा बाई संशयाची असणार, असे धरून त्यांनी तिला यादीत घातले, 'दिसेल तेथे थांबवावी' असे लिहिले, आणि ती यादी पैनगंगेच्या दोन्ही नाक्यांना व आपल्याकडे परत धाडली. आपल्याकडे ती वऱ्हाडने मागितलेली बाई म्हणून नोंदली गेली.

म्हणजे माझ्या आईने जिची काळजी केली, तिला माझे सरकार इंग्रजांची आरोपी समजू लागले, आणि इंग्रज सरकार तिला आमची फरारी समजू लागले. दोन्हीकडे खबर देणारी एकच, माझी आई, जी त्या वेळी घरी देव पाण्यात घालून बसली होती.

कलम ८. अंबिका विमलसाठी मामाची साडी घेऊन परत निघाली. आपल्या नाक्यावर हात पाहिला. तुळस जुळली, मोर जुळले, ठिपका जुळला. परवाना दाखवला तर तो जुळला नाही, कारण यादीतल्या बाईला नाव नव्हते आणि परवान्यावर होते. आपल्या नाक्याने सांगितले, तू तिकडची मागितलेली बाई, आत घेता येत नाही. ती मागे फिरली. पलीकडच्या नाक्याने सांगितले, तू निजामाच्या मुलखातून पळालेली बाई, आम्ही कशाला ठेवू. दोन्ही नाक्यांमध्ये नदीचे वाळवंट आहे. तिला तेथे थांबायला सांगितले. किती थांबायचे ते दोन्ही नाक्यांनी सांगितले नाही.

त्या वाळूत उन्हाळ्यात खरबुजांच्या वाड्या लावतात. कडूबाई नावाच्या एका बाईने आपल्या खोपटात तिला जागा दिली. ही कडूबाई आपल्या जवानाला म्हणाली ते मी स्वतः ऐकले आहे : "आरं, तुळस तर माज्याबी हातावर हाय, ह्ये बघ. मोर न्हाईत, तवा पैसं नव्हतं. अर्धी धरतुस का मला?" जवान म्हणाला, मावशी, तुम्ही नदीत आहात, नदी माझ्याकडे नाही. त्यावर ती म्हणाली, "मंग तिलाबी मोकळी सोड. तीबी नदीतच हाय की." जवानाने खरबूज घेतले आणि तो निघून गेला.

कलम ९. मी परवाना, शेतसाऱ्याची पावती व लग्नपत्रिका घेऊन नाक्यावर हजर झालो आणि ही माझी बायको आहे असे सांगितले. मला दोन उत्तरे मिळाली. एक, खबर आपण दिलेली नाही, त्यामुळे ओळख पटवण्याचा हक्क आपला नाही. दोन, संशयित परवाना आपणच काढलेला आहे, त्यामुळे आपण विश्वासू इसम नाही. नवरा म्हणून काही वेगळा रकाना आहे का, असे मी विचारले. नव्हता.

अंबिका वाळूत उभी राहून सगळे ऐकत होती. मला एवढेच म्हणाली, "विमलच्या बांगड्या भरल्या का?" मी नाही म्हणालो. ती म्हणाली, "मी आल्याबिगर भरू नका." या शब्दांचा कचेरीच्या कामाशी संबंध नाही हे मला कळते. खोडत मात्र नाही.

कलम १०. शेवटी हुकूम झाला की, खबर देणाऱ्या बाईने समक्ष येऊन हरवलेल्या बाईस पंचांदेखत नावाने हाक मारावी, आणि हरवलेल्या बाईने त्या हाकेला ओ द्यावी. मग नोंद बंद होईल.

आईला बैलगाडीतून नेले. नदी दिसू लागल्यावर म्हणाली, "उद्धवा, सासूबाई वरून आयकत आसंल का रे?" मी म्हणालो, आजी आपल्या पणतीचे लग्न मोडू देणार नाही. ती म्हणाली, "तुला न्हाई म्हाईत. ती लय कडक."

कलम ११. उक्त खबर देणार स्त्रीने उक्त नदीपात्रालगत पंचांसमक्ष उक्त नावाचा उच्चार केला असता

कलम ११ (पुन्हा). वरील वाक्य मला पुरे करता येत नाही. तेथे जे झाले ते त्या भाषेत बसत नाही. साध्या भाषेत लिहितो.

आईने पदर डोक्यावरून पुढे ओढला. कान धरले. आभाळाकडे बघून काहीतरी पुटपुटली, बहुतेक माफी मागितली असावी. मग जन्मात पहिल्यांदा तिने ते नाव घेतले. चोरून नाही, चांगले मोठ्याने, नदीच्या पलीकडे जाईल असे. "अंबिका!"

अंबिका खोपटापाशी बसली होती. तिने वर पाहिले, पदर सावरला आणि दोन्ही हात जोडून नमस्कार केला.

साहेब, तिची यात काय चूक? आमच्या घरी ते नाव फक्त श्राद्धाच्या दिवशी भटजींच्या तोंडून निघते, आणि निघाले की सगळे हात जोडतात. तिला वाटले, सासूबाई आपल्या वारलेल्या सासूला आळवत आहेत. ओ द्यायची हे तिच्या मनातही आले नाही. मुन्शींनी लिहिले : 'नावास प्रतिसाद नाही.'

आईने पुन्हा हाक मारली. हिने पुन्हा हात जोडले. मी ओरडून सांगावे तर मला पंचांनी दूर उभे केले होते. मग आईचा तोल गेला. म्हणजे जुनी आई परत आली. ती खच्चून ओरडली, "आगं ये विमलचे माय, हात कामून जोडायलीस, मेले का मी? ऊठ की!" आणि अंबिका साडीचे गाठोडे तिथेच टाकून वाळूतून पळत आली ती थेट नाक्याच्या आत, आईच्या गळ्यात.

कडूबाईने मागून गाठोडे आणून दिले आणि वर एक खरबूज ठेवले. मला वाटले, संपले.

कलम १२. संपले नाही. मुन्शींनी निकाल लिहिला. हरवलेली बाई, जी 'विमलची माय' म्हणून नोंदली होती, ती त्याच हाकेला ओ देऊन मिळून आली. खुणा जुळल्या. खबर देणारीच्या ताब्यात दिली. नोंद बंद. आम्ही नमस्कार करून निघालो. वाटेत आई आणि ती दोघी खरबूज खात होत्या.

पण आपल्या कचेरीत दुसरी एक नोंद उघडीच होती : 'अंबिका जोजे उद्धव, परवान्यावर वऱ्हाडात गेली, परत आल्याची नोंद नाही.' परत आली ती विमलची माय. अंबिकाला हाक मारली तेव्हा कोणी आले नाही, याला पंच साक्षी आहेत. म्हणून नोटीस निघाली की, अर्जदाराने आपली पत्नी अंबिका हिला हजर करावे, अथवा तिचे काय केले याचा खुलासा करावा, आणि तिच्या परवान्यावर आलेली दुसरी बाई घरात का ठेवली आहे तेही सांगावे. वऱ्हाडसही नक्कल गेली. तुळस व मोर दुसऱ्या बाईच्या नावे लागून गेल्यामुळे अंबिकाच्या नावापुढे खुणेचा रकाना कोरा ठेवला आहे. दोन सरकारे आता अशी एक बाई शोधत आहेत जिच्या अंगावर काहीच खूण नाही.

कलम १३. पेडगावात दवंडी झाली. ताडकळसच्या बाजारात झाली. दुसऱ्याच दिवशी व्याही व्यंकटराव आले. माणूस सज्जन आहे. पाटावर बसले, चहा झाला. चहा अंबिकाने केला होता. बशी खाली ठेवून ते म्हणाले :

"उद्धवराव, आमी काय संशय घेत न्हाई. पण मांडवात पावणे इचारतील. सरकार म्हणतंय, बाई सापडंना. तुमी म्हणता, ही काय आत बसलीय. कन्यादानाला तुमच्या शेजारी बसायची कोण मग? ह्या हातचा चहा ग्वाड लागला, पण घरी गेल्यावर कुणाच्या हातचा म्हणून सांगू?"

आई आतून म्हणाली, "सांगा, इहिणीच्या हातचा!" ते हसले. पण जाताना सुपारी खिशातच घेऊन गेले, पाटावर ठेवली नाही. सरकारी शिक्क्याचा एक कागद दाखवा, मग मांडव घालू, असे त्यांनी दारात उभे राहून सांगितले. विमलने ते ऐकले. तेव्हापासून ती बांगड्यांचे नाव काढत नाही.

कलम १४. यानंतर अंबिका स्वतः चौकीत गेली व म्हणाली, मी सापडले. मुन्शींनी विचारले, खबर देणारी कोण? ती म्हणाली, मीच. त्यांनी सांगितले की, हरवलेल्या व्यक्तीस स्वतःची खबर देता येत नाही. तिने हात पुढे केला. त्यांनी कागद काढून दाखवला, ह्या तुळशीची बाई निकाली निघाली आहे.

कलम १५. सबब माझी विनंती अशी :

(अ) शोध थांबवावा.

(आ) थांबवता येत नसेल तर अखजी होईपर्यंत तहकूब ठेवावा. लग्नानंतर सरकारने तिला हवी तेवढी शोधावी. आम्ही मदत करू.

(इ) तेही होत नसेल तर शोध माझ्या घरापासून सुरू करावा. एक जवान पाठवावा. त्याने ओसरी ओलांडून डाव्या हाताला स्वयंपाकघरात पाहावे. बाई चुलीपुढे सापडेल. शोधल्याचे श्रेय त्या जवानास द्यावे, माझी हरकत नाही.

(ई) यातले काहीच नियमात बसत नसेल तर मेहेरबानांनी एका ओळीची चिठ्ठी द्यावी की, 'विमलच्या लग्नात कन्यादानास बसणारी बाई विमलची माय आहे.' हे तर आपल्याच दफ्तरात, आपल्याच मुन्शींच्या हातचे, पंचांच्या सह्यांसकट लिहिलेले आहे. अंबिका कोठे आहे हा वाद मग चालू राहिला तरी राहो. व्यंकटरावांना तेवढी ओळ पुरेल. मी विचारले आहे.

कलम १६. एक शेवटची गोष्ट दफ्तरास कळवणे योग्य वाटते. नदीवर नाव तोंडातून एकदा निघाल्यावर आईने ठरवले की आता भीड मेली. दिवसभर ती अंगणात, रस्त्याच्या बाजूला तोंड करून बसते आणि सरकारच्या माणसाला ऐकू जावे म्हणून मोठ्याने हाका मारते. अंबिका, पाणी आण. अंबिका, विस्तव बघ. अंबिका, जात्याला खुंटा बसव. प्रत्येक हाकेआधी कान धरते. अंबिका अजून पहिल्या हाकेला ओ देत नाही. आधी हात जोडले जातात, मग आठवते. पण शिकते आहे. काल एकदा दिली. कचेरीने थोडा धीर धरावा.

आपला नम्र, दोन सरकारांची रयत नसलेला आणि एकाच बायकोचा नवरा,

उद्धव वल्द मुंजाजी
पेडगाव, १२ खुर्दाद १३५३ फसली.

सोबत :
राहदारीचा परवाना.
हरवलेली बाई मिळाल्याचा पंचनामा, नक्कल.
लग्नपत्रिका. मेहेरबानांस आमंत्रण समजावे.
डाव्या हाताचा अंगठा : अंबिका.
डाव्या हाताचा अंगठा : विमलची माय.

(शेवटचे दोन्ही ठसे ताडून पाहावेत. दुसरा थोडा पिवळा उमटला आहे. मधल्या वेळात आईने हाक मारली म्हणून ती उठून गेली होती. घरात बाया लग्नाची हळद फोडायला बसल्या आहेत.)